ऋतू असलेले काम

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घरातले सुख’ हा विषय दिला. या विषयावर विचार करू लागले की मन आधी विसाव्याकडे जाते. सुटीची दुपार, आवरलेले घर, हातात चहाचा कप आणि समोर काहीही करायचे नसणे, असे काहीसे चित्र उभे राहते. पण महाराष्ट्रातल्या घरांकडे माघ सरल्यापासून वैशाख लागेपर्यंतच्या दिवसांत पाहिले, तर हे चित्र टिकत नाही. पळस-पांगारा फुललेला असतो, आंब्याला मोहोर धरून बारीक कैऱ्या लागलेल्या असतात, आणि नेमक्या याच दिवसांत घरातले सर्वांत अंगमेहनतीचे काम निघते. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, वर्षाची मिरची, वर्षाचा गहू, गोधड्या धुणे, माळे झाडणे. आणि घरात हसण्या-बोलण्याचा आवाज सर्वांत मोठा असतो तोही याच दिवसांत. या दोन गोष्टी एकत्र येतात त्याला कारण आहे, असे मला वाटते. घरातल्या समाधानाचा संबंध काम कमी असण्याशी जोडला जातो. मला तो कामाच्या घडणीशी जास्त दिसतो. ज्या कामाला ऋतू असतो, सोबत असते, शेवट असतो आणि संपल्यावर डोळ्यांना दिसेल असे काही मागे उरते, ते काम माणसाला थकवून तृप्त करते. रोजच्या घरकामाला यातले जवळजवळ काहीच नसते.

पहाटेचा चीक

कुरडईचा दिवस प्रत्यक्षात तीन दिवस आधी सुरू होतो. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, आणि आंबूस वास येऊ लागला की ते वाटून, चोळून, गाळून चोथा वेगळा काढायचा. उरते ते पांढरे दाट सत्त्व. तो चीक रात्रभर भांड्यात स्थिर ठेवला की तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी येते. पहाटे ते पाणी हलक्या हाताने ओतून द्यायचे, चीक मापायचा, मापाने पाणी उकळत ठेवायचे, त्यात मीठ आणि हिंग घालायचे. यानंतरची दहा-पंधरा मिनिटे एकट्या माणसाची नसतात. एकीने चीक धारेने सोडायचा आणि दुसरीने लाकडी दांड्याने सतत घाटायचे. हात थांबला की गुठळी, आणि गुठळी म्हणजे सोऱ्याच्या जाळीत अडकणारा खडा. चीक शिजत आला की त्याचा पांढरेपणा जातो आणि त्यावर काचेसारखी चमक येते. ही खूण पुस्तकात वाचून कळत नाही. दोन-तीन वर्षे कोणाच्या तरी शेजारी उभे राहून पाहावी लागते.

मग घाई. चीक गरम आहे तोवरच सोऱ्यातून उतरतो, गार झाला की दाबणाऱ्याचे खांदे भरून येतात. म्हणून सोऱ्याला घरातला दणकट हात लागतो, आणि एरवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर राहणारा मुलगा किंवा दीर त्या सकाळी ‘जरा ये रे इकडे’ म्हणून ओढला जातो. गच्चीवर किंवा अंगणात बाजेवर धुतलेले धोतर, जुनी साडी किंवा प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. त्यावर कुरडईची वेटोळी पडत जातात. रुखवतासाठी हव्या असतील तर थोड्या चिकात गुलाबी किंवा हिरवा रंग मिसळतात. मुलांना वाटीत गरम चीक मिळतो, कुठे तेल-तिखट घालून, कुठे दूध-साखर घालून, आणि त्या बदल्यात कावळे-चिमण्यांची राखण करायची असते. काठी घेऊन बसायचे किंवा एक काळी छत्री उघडून ठेवायची. ऊन चढायच्या आत काम उरकते. दुपारी कुरडया उलटायच्या, संध्याकाळी आत घ्यायच्या, आणि दोन-तीन उन्हे दाखवल्यावर त्या मोडून पाहायच्या. कट्कन मोडली तर डब्यात.

उडदाच्या पापडाची तऱ्हा वेगळी. त्याचे पीठ घट्ट भिजवून तेलाचा हात लावत इतके कुटावे लागते की मनगटे बोलू लागतात. मग त्याची लांब वळी करून दोऱ्याने लाट्या कापतात. लाटायला शेजारणी आपापले पोळपाट-लाटणे घेऊन येतात, आणि ज्या घरी आज लाटणे आहे त्या घरची बाई उद्या दुसरीकडे जाते. ही फेड कोणी वहीत मांडत नाही, पण विसरतही नाही. उडदाचा पापड कडक उन्हात टाकला तर वाकतो, तडकतो, म्हणून तो बराचसा घरात सावलीला सुकतो आणि शेवटी थोडे ऊन खातो. खानदेशात ज्वारीचे बिबडे असतात, तीळ-लसूण-मिरची घालून शिजवलेले पीठ ओल्या हाताने कापडावर थापलेले. विदर्भात सरगुंडे, कोकणात पोह्याचे पापड आणि मिरगुंडे, घाटावर साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस. नावे आणि धान्ये बदलतात. पण पहाटे चूल, दहाच्या आत पसरणे, दुपारी उलटणे आणि चार-पाच बायकांची बैठक हा साचा सगळीकडे ओळखीचा आहे.

कोरड्या हवेची कमाई

हे सगळे याच दिवसांत का, याचे साधे उत्तर ‘ऊन असते म्हणून’ असे दिले जाते. ते अपुरे आहे. ऊन ऑक्टोबरातही कडक असते, पण तेव्हा परतणाऱ्या पावसाचा ओलावा जमिनीत आणि हवेत असतो. वाळवणाला उन्हापेक्षाही हवेचा कोरडेपणा लागतो. मार्च-एप्रिलमध्ये नागपूर-अमरावतीच्या बाजूला दुपारची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. अशी तहानलेली हवा पदार्थातले पाणी भराभर ओढून घेते. पदार्थातले जिवाणूंना आणि बुरशीला वापरता येईल असे पाणी एका मर्यादेखाली गेले की त्यांची वाढच थांबते. अन्नशास्त्रात ही जल-सक्रियतेची मर्यादा ०.६ च्या आसपास मानतात. मीठ, हिंग, पापडखार आणि मिरची यांचा हातभार लागतो, पण खरे रक्षण कोरडेपणाच करतो. म्हणूनच पावसाळ्यात डब्याचे झाकण नीट लागले नाही की पापड मऊ पडतो आणि त्याला वास येऊ लागतो.

शिजवून वाळवणे ही त्यातली दुसरी करामत. शिजताना गव्हाच्या चिकातला किंवा साबुदाण्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, आणि वाळताना तो काचेसारखा कडक होतो. त्यात थोडासा ओलावा अडकून राहतो. कडकडीत तेलात पडताच त्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि कुरडई दुप्पट-तिप्पट फुलते. ओलावा जास्त राहिला तर ती तेल पिते, फारच कमी झाला तर फुलायला वाफच उरत नाही. कट्कन मोडून पाहणाऱ्या बोटांना हा तोल आकड्यावाचून कळतो.

याच कोरड्या हवेचा दुसरा उपयोग त्याच घरात, त्याच महिन्यात चाललेला असतो. बाजारात नवे माठ येतात. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, हवा ते उचलते, आणि बाष्प होताना लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून पाणी गार होते. विदर्भातल्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या याच तत्त्वावर घर थंड ठेवतात. मुंबईच्या दमट हवेत माठातले पाणी नागपूरइतके गार होत नाही, आणि तिथे कुरडया वाळायलाही जास्त वेळ लागतो, यामागचे कारण एकच आहे. मला हे विशेष वाटते की हवेच्या एकाच गुणातून घराने वर्षाचा साठा आणि दिवसाचा गारवा अशा दोन गोष्टी मिळवल्या. ऋतूशी इतकी नेमकी ओळख असलेले घर त्या ऋतूत निवांत दिसणार नाही, पण ते ऋतूबरोबर नांदत असते. रब्बीचा गहू याच वेळी घरात येतो, नवा बटाटा स्वस्त असतो, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची बाजारात भरलेली असते. आज जे भरपूर आहे ते, ते मिळणार नाही त्या दिवसांसाठी ठेवायचे, हे गणित कोणाला शिकवावे लागत नाही.

मिरचीचे पाहा. लालबागच्या मसाला गल्लीत हंगामात बायका निवडून, वाळवून आणलेल्या मिरच्या, धणे, गरम मसाले घेऊन डंखावर रांग लावतात. कांडप होईपर्यंत तिथेच थांबायचे असते, कारण आपली मिरची आपल्या डोळ्यांसमोर कुटली गेली पाहिजे. खकाण्याने सगळ्यांचे डोळे पाणावलेले असतात. कोळ्यांचा मसाला वेगळा, मालवणी वेगळा, ईस्ट इंडियन घरांचा बाटलीत दाबून भरायचा वेगळा. त्या रांगेत प्रमाणांची देवाणघेवाण होते आणि एखादे प्रमाण मुद्दाम सांगायचे राहूनही जाते.

दिवसाअखेर पुसले जाणारे काम

आता मुख्य मुद्द्याकडे. पोळ्या केल्या, त्या खाल्ल्या गेल्या. भांडी घासली, ती रात्रीपर्यंत पुन्हा खरकटी झाली. केर काढला, धूळ परत आली. रोजच्या घरकामाचे दुःख त्याच्या श्रमात जितके आहे तितकेच त्याच्या पुसले जाण्यात आहे. केलेले दिसत नाही, न केलेले मात्र लगेच दिसते. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही, आणि बहुतेक वेळा ते एकटीने करायचे असते. असल्या कामात समाधान मानावे असे उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे कधी कमतरता नव्हती. ते उपदेश सहसा त्यांनीच केले ज्यांच्या हातात झाडू नव्हता.

वाळवणाची जात निराळी. ते वर्षातून एकदा येते, त्यामुळे त्याची वाट पाहता येते. ते संपते, आणि संपल्यावर पत्र्याचे डबे भरलेले असतात. श्रावणात उपासाच्या दिवशी, गणपतीत पाहुणे आले की, दिवाळीच्या फराळाच्या ताटात तो डबा उघडला जातो आणि ‘कुरडया यंदा छान झाल्यात’ हे वाक्य मार्चमध्ये केलेल्या कामाला सहा-सात महिन्यांनी मिळते. दुसरे म्हणजे त्यात कसब आहे आणि ते कसब इतरांसमोर दिसते. पातळ, एकसारखा, कडेला न फाटलेला पापड लाटणारी बाई कोण हे साऱ्या आळीला माहीत असते. रोजची पोळी कितीही मऊ झाली तरी तिची अशी कीर्ती होत नाही. तिसरे, त्यात एकटेपणा नाही. लाटता लाटता लग्ने जुळतात, सासरच्या तक्रारी निघतात, कोणाच्या तरी मुलीच्या शिक्षणाचा खर्च चर्चेला येतो. हात गुंतलेले असले की तोंड मोकळे होते, आणि समोरासमोर बसून बोलायला जड जाणारी गोष्ट पोळपाटाकडे पाहत सांगता येते.

याला पुरावा काय, असे कोणी विचारेल. मला वाटते बायकांनी काय सोडले आणि काय धरून ठेवले हाच मोठा पुरावा आहे. जात्याचे उदाहरण घ्या. पहाटेच्या दळणाला सोबत म्हणून बायकांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि आज त्यांतल्या अनेक ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संग्रहात ऐकता येतात. त्यांत माहेर आहे, पंढरी आहे, भाऊ आहे, आणि सासुरवासाचा जाच पुन्हा पुन्हा आहे. इतके वैभव जात्यापाशी जन्मले, तरी पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी जाते सोडले आणि मागे वळून पाहिले नाही. ते योग्यच झाले, कारण ते काम रोजचे होते, न संपणारे होते, झोपेच्या वेळेत घुसलेले होते. गाणे होते म्हणून काम सुखाचे होते असे होत नाही. उलट पापड-कुरडई बाजारात वर्षभर मिळू लागल्यालाही आता कित्येक वर्षे झाली, तरी मार्च आला की असंख्य घरांच्या गच्च्यांवर कापडे अंथरली जातात. जात्याच्या बाबतीत जे झाले ते इथे झालेले नाही. बायकांना कष्टाचेच वेड असते असे कोणी समजत असेल तर त्याने मिक्सर, गॅस आणि कपडे धुण्याचे यंत्र ज्या तत्परतेने घरात आणले गेले ते आठवावे.

कैरी, हरभरे आणि उंबरा

चैत्र लागला की कामाच्या बैठकीला जोडून दुसरी बैठक येते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर घरोघरी सोयीने हळदीकुंकू होते. अंगणात किंवा फ्लॅटच्या दारासमोर चैत्रांगण रेखतात: सूर्य, चंद्र, शंख, चक्र, कासव, तुळस, गोपद्मे, फणी, आरसा, करंडा. देवाचे आणि बाईच्या रोजच्या वापरातले एकाच चौकटीत, शेजारी शेजारी. आलेल्यांना आंब्याची डाळ आणि पन्हे, ओटीत भिजवलेले हरभरे. भिजवून भरड वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीत किसलेली कैरी, मिरची, खोबरे आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. उकडलेल्या कैरीच्या गरात गूळ आणि वेलदोडा. हा सारा बेत हंगामाच्या भावातला आहे, म्हणून तो बेताच्या मिळकतीच्या घरालाही परवडतो. ऋतूने आनंद स्वस्त केला, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण. आणि पूर्वी बाईला कारणाशिवाय घराबाहेर पडणे अवघड असताना महिनाभर वेगवेगळ्या दारांत जाऊन बसण्याचे निर्विवाद कारण या रीतीने दिले, हेही खरे.

पण याच दाराने कोणाला आत घेतले नाही, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. हळदीकुंकू सवाष्णींचे. शेजारच्याच घरातली, कदाचित पापड सर्वांत पातळ लाटणारी, विधवा बाई त्या संध्याकाळी बोलावली जात नसे, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही जात नाही. जातीची सीमा तर निमंत्रणाच्या यादीत न लिहिता पाळली गेली. घरातल्या आनंदाविषयी लिहिताना हा भाग वगळणारे लेखन अपुरे असते, कारण ज्या आनंदाला सोबत ही अटच आहे त्यात कोणाला सोबत नाकारली हा बाजूचा प्रश्न राहत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. ठरावाने मन एका रात्रीत बदलत नाही. तरी सगळ्या बायकांना बोलावून केलेले चैत्रगौरीचे हळदीकुंकू आता ठिकठिकाणी होते, आणि त्यात गौरीचे काही उणे पडलेले नाही. डाळ तीच, पन्हे तेच, बसायला माणसे जास्त.

हे कष्ट कोणाचे?

सर्वांत गंभीर आक्षेप यापुढचा आहे. घरकामात आनंद शोधणे म्हणजे बाईच्या बिनपगारी श्रमाला फुले वाहणे, असे स्त्रियांच्या प्रश्नांचा विचार करणारे म्हणतात, आणि त्यांच्याकडे आकडे आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम स्त्रियांपैकी ८१.२ टक्के आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के करत होते. जे करतात त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ स्त्रियांसाठी २९९ मिनिटे, पुरुषांसाठी ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बाईची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषाने उचलली म्हणून नव्हे. त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली. पाच तासांच्या या रोजच्या रहाटगाडग्यावर वाळवणाचा महिना आणखी वर चढतो. नोकरी करणाऱ्या बाईसाठी तर तो रविवारच्या विश्रांतीतून कापून घ्यावा लागतो.

हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष अर्धाच मान्य आहे. आनंद होतो म्हणून भार वाटून घ्यायला नको, हा युक्तिवाद कोणीही करू नये. मात्र भार अन्यायाने वाटलेला आहे म्हणून त्यातला आनंद खोटा, हेही खरे नाही. या दोहोंना वेगळे पाहिले तर एक उपयोगी गोष्ट दिसते. समाधान देणारे जे काम आहे, तेच सर्वांत सहज वाटून घेता येते. कुरडईच्या सकाळी पुरुषाचा हात लागतोच, मुले येतातच, कारण तिथे गंमत आहे, वाटीत चीक आहे, सोऱ्या दाबण्यात दाखवण्यासारखा जोर आहे. हे हात दुपारी भांड्यांकडे मात्र वळत नाहीत. म्हणून खरी कसोटी वाळवणाच्या दिवशी कोण गच्चीवर आले ही नाही. त्या दिवशीची पोळी-भाजी, परात, पातेली, चिकाचा तळाला धरलेला थर हे कोणी काढले, ही आहे. ज्या घरात त्या आठवड्याचा रोजचा स्वयंपाक इतरांनी सांभाळला, तिथल्या बाईला वाळवण उत्सवासारखे वाटले तर नवल नाही. ज्या घरात तिने दोन्ही केले, तिथे डबे भरले तरी ती रिती होते.

ऐंशी रुपये आणि एक गच्ची

या कष्टाचे मोल करता येते का, याचे उत्तर मुंबईत एका वसंतातच मिळाले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेल्या ऐंशी रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवसाचा माल पापडाची चार पाकिटे. त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ उभे राहिले. आज त्यात हजारो बायका आहेत. भिजवलेले पीठ शाखेतून घरी न्यायचे, लाटून, वाळवून पापड परत आणायचे आणि त्याची मजुरी घ्यायची, हे त्याचे चक्र. सभासद एकमेकींना बहिणी म्हणतात आणि मालकी त्यांचीच. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

या गोष्टीतला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील पहिल्या वर्षाचा आहे. पावसाळा लागला आणि चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम बारमाही झाले. इथे एक प्रामाणिक अडचण उभी राहते. ऋतूचे काम बारमाही होताच त्याचे सणपण जाते, ते रोजचे होते, आणि मी तर ऋतूलाच समाधानाची अट म्हटले. पण लिज्जतच्या बहिणींनी गमावले त्याच्या जागी काही मिळवले. ऋतू गेला, पण सोबत राहिली, कसबाची पारख राहिली, आणि डब्याऐवजी हातात पैसा आला, जो मुलांच्या शाळेत आणि घराच्या भाड्यात दिसत राहिला. म्हणजे या अटींतली एखादी गेली तरी बाकीच्या असतील तर काम तग धरते. सगळ्याच जातात तेव्हा ते नुसते ओझे होते. महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत बचत गटांच्या टेबलांवर बिबडे, नागलीचे पापड आणि शेवया मांडून बसलेल्या बायकांपाशी थोडा वेळ उभे राहिले की हे कळते. आपल्या पापडात काय आहे आणि दुसऱ्यांच्यात काय नाही, हे त्या ज्या अभिमानाने सांगतात तो नुसत्या विक्रीसाठी आणलेला नसतो.

म्हणून ‘विकत मिळते, मग घरी कशाला’ या प्रश्नाला मी फार वेळ देणार नाही. ज्याला विकत घ्यायचे त्याने जरूर घ्यावे, बचत गटाकडून घेतले तर आणखी चांगले. बाजारात पदार्थ मिळतो. चार हात एकत्र आलेली सकाळ मिळत नाही, आणि ती हवी असणाऱ्यांसाठीच पुढचा प्रश्न आहे.

गच्चीची किल्ली

तो प्रश्न जागेचा आहे. वाड्यांना अंगणे होती, चाळींना सामाईक गॅलऱ्या आणि गच्च्या होत्या. बहुमजली गृहसंकुलात गच्ची ही सगळ्या सभासदांची सामाईक जागा असूनही तिला कुलूप असते. किल्ली वॉचमनकडे, आणि त्याला परवानगी सचिवांची लागते. कारणे खोटी नाहीत. कठडा ठेंगणा असतो, टाक्या आणि सौर पत्रे असतात, कोणी पाणी सांडते, मुले धावतात, शहरातली धूळ आणि कबुतरे यांचा त्रास आहे. शिवाय वसंत पूर्वीइतका भरवशाचा उरलेला नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये राज्याच्या मोठ्या भागावर गारपीट झाली ती नेमकी गहू काढणीला आणि वाळवणे पसरायला आलेली असताना. त्यानंतरही अवकाळीचे फटके येत राहिले आहेत. दुसऱ्या टोकाला उन्हाच्या लाटा लवकर सुरू होतात, आणि दहानंतर गच्चीवर थांबणे वयस्क बायकांच्या जिवावर बेतू शकते.

पण यातली बहुतेक कारणे नियमांनी सुटणारी आहेत आणि काही संकुले ती सोडवतातही. मार्च-एप्रिलमध्ये ठरलेल्या दिवशी सकाळी सहा ते दहा गच्ची उघडी, नाव आधी नोंदवायचे, आपला कागद आपण आणायचा आणि आपण झाडून निघायचे. धूळ आणि पक्षी यांवर मच्छरदाणीचे कापड पुरते. बारीक जाळी आणि पारदर्शक झाकण असलेली सौर वाळवणीची पेटी सामाईक खर्चातून घेता येते, आणि अचानक आभाळ आले तर ती उचलायला धावपळ करावी लागत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्ट, पार्किंग आणि रंगकाम यांवर तास-तास चर्चा होते. गच्चीच्या या चार तासांचा ठराव त्याच सभेत पाच मिनिटांत होऊ शकतो, फक्त तो मांडायला कोणीतरी उठले पाहिजे. आणि तो मांडताना यादीत सोऱ्या कोण दाबणार याबरोबरच त्या दिवशीची पातेली कोण घासणार, आणि त्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईच्या दाराची बेल कोण वाजवणार, हेही लिहून घ्यावे.